विहिरीकडचा गहू

प्रिय दिव्या,

काल तू बियाण्याचं विचारलंस आणि मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. चऱ्होलीत आता मोबाइलच्या टॉवरांना तोटा नाही, तेव्हा तुला पटलं नसणारच. आई शेजारी लसूण सोलत होती, म्हणून पत्र लिहायला बसलोय.

आपल्या रानाच्या तिन्ही बाजूंना आता सोसायट्या झाल्यात. गेल्या हंगामात गव्हावर तांबेरा पडला, तेव्हा लोक गॅलरीतून फोटो काढत होते. नारिंगी शेत त्यांना देखणं वाटलं! बांधावरून चाललं तरी पँटला तांबडी पूड लागायची. चाकणच्या कंपनीत पत्र्यावरचा गंज पुसण्यात जन्म गेला, पण हा कशानं पुसायचा ते कळेना.

तेवढ्यात तू आलीस आणि विहिरीकडच्या कोपऱ्यातली थोडी झाडं तुला वेगळी दिसली. पानांवर नुसते बारीक वाळके ठिपके, पूड नाही. मी फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तर अंगावर धावून आलीस. तांबेऱ्याची बुरशी दवाच्या ओलीत पानाच्या छिद्रातून आत शिरते आणि जिवंत पेशींवर पोसते. हे झाड तिला ओळखतं आणि ती शिरली तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतं, मग तिची उपासमार होते, असं तू समजावलंस. मला ऐकून कसंसंच झालं. तू नाचायची तेवढी बाकी होतीस. त्या ओंब्या वेगळ्या मळल्या, जेमतेम पाच मुठी दाणे निघाले. कडुलिंबाचा पाला घालून ते डब्यात ठेवले आणि जीव गेला तरी याला हात लावू नका, असं बजावून तू कृषी विद्यापीठात संशोधनाला परत गेलीस.

आईनं हात लावला. तुझ्या डोहाळजेवणाला ओटी भरली ती त्याच गव्हानं, अख्खा डबा रिकामा करून. मी अडवायला गेलो तर म्हणाली, "ज्याला रोग शिवला न्हाई, त्येच पोरीच्या ओटीत घालायचं. बाळाला बी काय शिवायचं न्हाई." तू बाळंतपणाला इथंच राहणार होतीस, म्हणून ओटी देव्हाऱ्याजवळ बांधून ठेवली. म्हटलं, पेरणीच्या वेळी गुपचूप डब्यात ओतू.

पुढचं तुला मी काय सांगू? चिंचवडच्या दवाखान्यातून आपण रिकाम्या हातांनी आलो. तू आत झोपली होतीस. आईनं ती ओटी उचलली, इंद्रायणीवर गेली आणि पाण्यात सोडली. मी मागोमाग गेलो होतो, पण हाक मारायचं धाडस झालं नाही. एक दाणासुद्धा उरला नाही, दिव्या. त्यानंतर विहिरीकडचं सगळं रान धुंडाळलं, सांडलेलं काही उगवलंय का ते पाहायला. काही नाही.

तू रविवारी बियाणं न्यायला येणार, म्हणून हे आधीच कळवतोय. तुझी सगळी मेहनत गेली. राग आला तर तो माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. पण घरात डब्याचं नाव काढू नकोस. परवा तू रडत विचारलंस, बाळ गेलं म्हणून आई माझ्याशी बोलत नाही का. तसं नाही गं. आपल्याच ओटीनं पोरीचं वाटोळं झालं, असं तिनं मनात धरलंय, म्हणून ती तुला तोंड दाखवत नाही. माझं ती ऐकत नाही. आलीस की आधी तिच्या कुशीत शिर.

तुझाच,
आप्पा