टोमॅटोच्या पाण्याची नवी वेळ

बाबा,

मी सातच्या गाडीनं निघते आहे. तुम्हाला उठवलं नाही, कारण समोरासमोर सांगायचा धीर झाला नाही.

दादाच्या फोनमधल्या अ‍ॅपवर टोमॅटोच्या पाण्याची वेळ मी बदलली आहे. रोपं लावली तेव्हा त्यानं दहा मिनिटं ठेवली होती. तो जाऊन दोन महिने झाले, झाडं फळांवर आली, तरी ठिबकला पाणी दहाच मिनिटं सुटत होतं. काल तुम्ही कडेच्या ओळींना बादलीनं पाणी घालत होतात. मी विचारलं, तर म्हणालात, "तेवढाच व्यायाम." बाबा, दर बादलीनंतर तुम्ही बांधावर टेकत होतात.

उद्यापासून पंप सकाळी सहाला आपोआप सुरू होईल आणि चाळीस मिनिटांनी बंद होईल. तुम्ही फक्त त्याचा फोन चार्जिंगला लावत जा. पाऊस झाला तर अ‍ॅपमधलं लाल बटण दाबा.

जुनी वेळ पुसायची का, असं अ‍ॅपनं विचारलं. माझं बोट काही पुढे जाईना. मग ती नुसती बंद करून खाली तशीच ठेवली आहे. तुम्हाला जमलं तर पुसा. नाहीतर राहू दे.

छोटी