ओल्या गाडीची चमक

४ मार्च
सासरे दहा दिवस बाहेरगावी. काळी गाडी माझ्या ताब्यात. नीट सांभाळलीत तर गाडी तुमची, नाहीतर साडूंना देईन, असं जाताना म्हणाले. साडू माणूस चांगला. पण गाडीतलं त्यांना काय कळतं?

५ मार्च, सकाळी ८
वॅक्स पॉलिश आणलं. पातळ थर द्या, सावलीत द्या, लगेच पुसा, असं डब्यावर लिहिलंय. हे नवशिक्यांसाठी. मी जाड थर देऊन भर उन्हात मुरत ठेवला.

दुपारी ४
पुसतोय. निघत नाही. सगळीकडे पांढरे फराटे. बायको म्हणाली, अहो, हिला पावडर लावून कुठे पाठवताय? दुर्लक्ष केलं.

६ मार्च
शाम्पूने धुतली. झकास! काळी कुळकुळीत. प्रश्न मिटला.

७ मार्च
फराटे परत. धूळ असणार. पुन्हा धुतली. पुन्हा झकास.

९ मार्च
बायकोचा शोध : गाडी ओली असली की फराटे दिसत नाहीत, वाळली की दिसतात. योगायोग, म्हटलं.

१० मार्च
योगायोग नाही. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, साहेब, त्याच पॉलिशचा पातळ हात फिरवा, जुना थर सुटेल, मऊ कापडाने लगेच पुसा. पॉलिशवर उपाय पॉलिश? मनातल्या मनात हसलो. घरी येऊन भांड्यांची घासणी घेतली.

११ मार्च
फराटे गेले. ओरखडे आले. गोल गोल आहेत, डिझाइनच वाटतं. शिवाय ओल्या गाडीवर तेही दिसत नाहीत.

१३ मार्च
बेत पक्का. उद्या सासरे अकराला येणार. पावणेअकरापासून पाइप चालू. वाळायला पंधरा मिनिटं लागतात, खूश व्हायला दोन पुरतात.

१४ मार्च
सासरे पाऊण तास उशिरा आले. बरोबर साडू. मी तोवर पाइप धरून उभा. गाडी पाहून सासरे म्हणाले, वा! जिंकलोच होतो. मग म्हणाले, जावईबापू, किती धुवाल, बंद करा तो नळ. आणि खुर्ची मागवून गाडीसमोरच बसले. चहा झाला. प्रवासाच्या गप्पा झाल्या. ऊन काही जाईना.

संध्याकाळ
गाडी साडूंना. पण रोज मला ऑफिसला सोडणार आहेत. वाटेतच आहे म्हणाले. दारसुद्धा तेच उघडून देणार, मला कुठे हात लावू देणार नाहीत. इतका मान सासऱ्यांनीही कधी दिला नव्हता.