तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

॥ श्री ॥

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस अनेक शुभाशीर्वाद.

ज्याच्या कृपेने जड पदार्थालाही वाचा फुटते आणि हरवलेला स्वर पुन्हा कानी येतो, त्या दयाघनाला आधी वंदन करतो आणि मग यंत्राचा विषय काढतो.

तुझ्या सूनबाईंसाठी मागितलेला रेकॉर्ड प्लेयर आज पार्सलवाल्याच्या स्वाधीन केला. भंगारवाल्याकडे पाण्याच्या टाकीखाली पडला होता. आतले ग्रीस डिंकासारखे घट्ट झाले होते आणि रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. ते खरवडण्यात तीन दिवस गेले. तुझ्या वहिनीने माझी काळी बोटे पाहून मला देवासमोर बसू दिले नाही. शाळेतल्या पोरासारखे दोनदा परत पाठवले. आता पट्टा नवा आहे, सुई नवी आहे, आणि सुईचा दाब इतका हलका ठेवला आहे की तबकडीला ओरखडा म्हणून उठायचा नाही. हल्ली नवशिके लोक दुकानातून जी पेटीसारखी खेळणी आणतात, त्यांची सुई तबकडीवर नांगर चालवते. म्हणून तर मी या वयात हा उद्योग मांडला. प्रथमच ऐकणाऱ्याला साध्या ऐपतीत नीट ऐकायला मिळावे, एवढाच हेतू.

गेल्या वर्षभरातले हे चौदावे यंत्र. आता थकवा येतो, बेबी. बसलो की उठवत नाही, उठलो की बसवत नाही.

यंत्र सपाट जागी ठेवावे. त्यावर विणलेला रुमाल घालू नये. तुला दिसेल त्या वस्तूला झालर लावायची खोड आहे. वेग मी नेहमीप्रमाणे आबांच्या तबकडीवरून, कानाने जुळवला आहे. वडील गेल्यावर त्यांच्या स्तोत्रपठणाची एकेक प्रत आपल्या दोघांच्या वाट्याला आली; तुझी प्रत काढ आणि घरात पहिला स्वर त्यांचाच उमटू दे. वेगाच्या स्क्रूला मात्र कोणी हात लावू नये.

सर्वांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही आटू नये.

तुझा
दादा


दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

यंत्र सुखरूप पोहोचले. सूनबाई इतकी हरखली आहे की दिवाणखान्यातली मासिके हलवून तिने त्याला खिडकीजवळचे टेबल दिले. जी मासिके मी चार वर्षे हलवा म्हणून सांगत होते, तीच. झालर लावलेली नाही. लावावीशी फार वाटते, पण तुझा धाक आहे.

इकडे ह्यांचे गुडघे तसेच. डॉक्टर चाला म्हणतात, हे चालतात ते फक्त स्वयंपाकघरापर्यंत, डब्यात काय आहे ते बघायला. मीही आताशा दुपारी आडवी झाले की उठावेसे वाटत नाही. आपण दोघे एकाच मातीचे.

तुझ्या आज्ञेप्रमाणे आबांची तबकडी पहिल्यांदा लावली. दादा, रागावू नकोस. आबा मला आजारी वाटले. ताप असताना अंथरुणावरून म्हणत असावेत तसे. मी आधी मनाची समजूत घातली की वीस वर्षांनी ऐकते आहे, डोळ्यांत पाणी आहे, त्यामुळे असेल. मग दुसऱ्या दिवशी बाजाची पेटी काढली. आबा काळी एकमध्ये म्हणत, हे तुला मी सांगायला नको. त्यांच्यामागून म्हणत आपण संथा घेतली ती त्याच स्वरात. इथे ते काळी एकच्या अलीकडे कुठेतरी राहतात, दोन पट्ट्यांच्या फटीत.

काही चुकत असेल तर ते माझेच असेल. पण विचारल्यावाचून राहवले नाही. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहावी.

तुझी
बेबी


॥ श्री ॥

दि. २६ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पेटीचे म्हणशील तर ती दमट हवेने फुगलेली आहे. गेल्या खेपेस मी आलो तेव्हा तिच्या दोन पट्ट्या दाबल्यावर उठतच नव्हत्या आणि भात्याला तू चिकटपट्टी लावली होतीस. अशा साक्षीदारावरून तू आबांना आजारी ठरवावेस, याचे नवल वाटते.

आबांचा स्वर माझ्या कानात कसा आहे हे मला कोणी विचारू नये. सोळा वर्षे रोज पहाटे त्यांच्यासमोर बसलो. संथेत एक स्वर खाली गेला तर ते काही बोलत नसत, फक्त डोळे उघडून पाहत. आणि तेवढ्याने मला पुढचा दिवसभर अन्न गोड लागत नसे. तू माझ्या मागे बसायचीस आणि झोपायचीस, हेही मला आठवते. आजही मी सकाळी बसतो तेव्हा त्याच स्वरावरून सुरू करतो. त्याच स्वरावर चौदा यंत्रे जुळवून दिली आणि एकाही माणसाने तक्रार केलेली नाही.

वय झाले की घाई वाढते, आणि घाईत सगळेच संथ वाटते. एवढेच असावे. सूनबाईंना स्क्रू फिरवू देऊ नये.

प्रकृतीला जपावे. लोभ असावा, शंका नसावी.

दादा


दि. ८ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस लेखणी उचलली नाही. मी झोपायचे हे खरे आहे. तो भाग सोडून देऊ.

पेटी वाईट, माझा कान वाईट, माझे वय वाईट, हे सगळे मान्य करून मी असे काहीतरी शोधत होते ज्याला कानच लागत नाही. तूच एकदा सांगितले होतेस की मोठी तबकडी तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या घेते. मी यंत्राच्या फिरत्या तबकाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, समोर भिंतीवरचे घड्याळ, हातात जपमाळ. कपटा समोरून गेला की एक मणी. शंभर फेऱ्या झाल्या तर मेरुमण्याच्या आधी आठ मणी उरायला हवेत. अकरा उरले. तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा अकरा. सूनबाईने वेगळे मोजले, तिच्याही सत्त्याण्णवच आल्या. जपमाळ अशा कामाला वापरल्याबद्दल देव मला क्षमा करील. तू करशील की नाही, ते ठाऊक नाही.

मी हे लिहिणारच नव्हते. पण सूनबाई एक वाक्य बोलली आणि ते मला सोडत नाही. ती म्हणाली की तीच गाणी मोबाइलवर जरा चढी आणि चपळ लागतात हे तिला पहिल्या दिवशीच जाणवले होते, पण ती धरून चालली की रेकॉर्ड अशीच वाजत असणार, जुन्या वस्तू सावकाशच असतात. मामांनी जुळवून दिलेले आहे म्हटल्यावर चूक मोबाइलची असेल, असे ती समजली.

दादा, बाकीच्या तेरा घरांत तक्रार का आली नाही ते यावरून मला कळले. स्क्रूला हात लावलेला नाही. तू सांगशील तसे करू.

माझ्यावर रागावलास तरी पत्र लिही. गप्प मात्र राहू नकोस.

तुझी
बेबी


दि. १९ मार्च

प्रिय वन्संना स. न. वि. वि.

उत्तर तुमच्या दादांकडून यायला हवे होते, पण ते लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. तुमचे पत्र त्यांनी वाचले, घडी घातली आणि जेवायला बसले. भाजीत मीठ नव्हते, ती तशीच संपवली. तेव्हाच मी ओळखले की प्रकरण मोठे आहे.

जेवण झाल्यावर कामाच्या टेबलावर गेले. दुरुस्तीला आलेले एक यंत्र कानाने जुळवले आणि मग मला बोलावून मोजायला सांगितले. सत्त्याण्णव. म्हणाले, तुला मोजता येत नाही. मग स्वतः मोजले. त्यानंतर घड्याळ बदलले. त्यानंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले. संध्याकाळी एवढेच म्हणाले की सूनबाई म्हणाली ते सर्वांत वाईट आहे. पहिल्या संथेत चुकीचा स्वर गेला तर शिकणारा तोच खरा मानतो, आणि मी चौदा घरांत तो दिला.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या भल्या आहेत, सावकाश बोलतात. म्हणाल्या की उतारवयात काहींच्या कानाला प्रत्येक स्वर आहे त्याहून किंचित चढा ऐकू येतो. माणूस मग तो खाली ओढून आपल्या आठवणीशी जुळवतो आणि त्याला वाटते की बरोबर लागला. यावर औषध नाही.

वन्सं, यात माझाही दोष आहे. सकाळचे पठण आम्ही दोघे मिळून म्हणतो. गेली दोन वर्षे ते जरा जरा खाली येत होते. मला वाटले, गळा थकला असेल, टोचून कशाला बोलायचे. म्हणून मीही त्यांच्यामागून खाली उतरत गेले. मी तेव्हाच सांगितले असते तर ही वेळ आली नसती.

आता ते कोणाला काही कळवायचे नाही म्हणतात. एकदा म्हणतात, सगळे सोडून देतो, अवजारे भंगारात घाला. एकदा म्हणतात, तेरा जणांपुढे कोणत्या तोंडाने जाऊ, हेच लोक मला गुरुजी म्हणतात. तुम्ही आत्ता काही लिहू नका. त्यांची त्यांना वाट सापडू द्या.

भाऊजींच्या गुडघ्याला गरम शेक द्यावा, आणि डबे वरच्या फळीवर ठेवावेत. आमच्यावर लोभ असू द्यावा.

आपली
वहिनी


॥ श्री ॥

दि. १४ एप्रिल

चि. सौ. बेबीस अनेक शुभाशीर्वाद.

महिनाभर मौन धरले. त्याला व्रत म्हणण्याची सोय नाही. तो अहंकार होता. शास्त्र वाचण्यात आयुष्य गेले आणि आपल्या कानावर विश्वास ठेवताना एकदाही वाटले नाही की हाही देहाचाच भाग आहे, झिजणारच.

शेवटी तेरा पत्रे लिहिली. मजकूर एकच ठेवला, कारण प्रत्येकाला निराळे लिहायला गेलो असतो तर कोणाकोणापुढे सबब सांगितली असती. लिहिले की मी जुळवून दिलेले यंत्र संथ चालते, दोष माझा आहे, यंत्र घेऊन यावे, किंवा कागदाचा कपटा लावून शंभर फेऱ्या घरीच जुळवाव्यात. रीत सोबत दिली. नऊ जण आले. एक शिक्षक बरेच बोलले. वर्षभर मित्रांना ऐकवले आणि आता त्यांना काय सांगू, म्हणाले. मी ऐकून घेतले. दोघांना फरकच कळला नाही आणि माझे सांत्वन करून गेले. ते शिक्षकांच्या बोलण्यापेक्षा जड गेले. चौघांकडून उत्तर नाही.

वेग यापुढे मी कानाने जुळवणार नाही. तुझी वहिनी मोजते, मी स्क्रू फिरवतो, आणि ती थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. शंभरावर आलेले आबा मला घाईत असल्यासारखे, कुणावर तरी चिडल्यासारखे ऐकू येतात. ते तसे नव्हते हे मला माहीत आहे, म्हणून मान खाली घालून ऐकतो. सकाळी आता वहिनी सुरू करते आणि मी तिच्या मागून म्हणतो. चढवताना दम लागतो. तुझ्यावर जे ताशेरे ओढले ते मागे घेतो. तू झोपायचीस, एवढे मात्र ठेवतो.

नवव्या आल्या त्या एक परिचारिका. गेल्या पावसाळ्यात त्यांनी यंत्र नेले होते, आयुष्यातले पहिलेच. पाळी संपवून परस्पर आल्या, यंत्र चादरीत बांधलेले, पायांत दवाखान्यातल्याच चपला. खुर्चीवर बसल्या त्या जणू आठवड्याने बसल्या. मी सर्व सांगितले. त्यांनी स्वतः मोजले, सत्त्याण्णव. मग स्क्रू त्यांच्याच हाताने फिरवून घेतला आणि शंभर भरल्या. त्यांनी आपली तबकडी आणली होती, ती लावली. डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या की हे बरोबर आहे हे कळते, पण वॉर्डात घंटा झाल्यावर धावावे तसे वाटते. घरी पोहोचल्यावर त्यांना कोणीतरी सावकाश बोलणारे हवे असते, आणि इतके महिने ते त्यांना मिळत होते. पुन्हा सत्त्याण्णववर ठेवले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. गुरुजींच्या परवानगीशिवाय नको, म्हणाल्या.

बेबी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर तयार होते. चुकीच्या स्वराचे फळ काय, यावर मी तासभर बोलू शकतो. पण खरा वेग कोणता ते आता माहीत आहे ना, एवढेच विचारले. त्या शंभर म्हणाल्या. मग मी सांगितले की स्क्रू तुमचा आहे. त्यांनी तो मागे फिरवला, पुन्हा मोजले, तीन कमी भरल्या, आणि निघण्यापूर्वी एक बाजू पूर्ण ऐकू या म्हणाल्या.

आम्ही दोघे ऐकत बसलो. महिनाभरात प्रथमच एक स्वर माझ्या कानाला जिथे लागावा तिथे लागला. उंच नाही, घाईत नाही. तो खोटा आहे हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही ठाऊक होते. सुई तबकडीच्या मध्यापाशी येईपर्यंत मी उठलो नाही. मला काय ऐकू येते ते त्यांना सांगितले नाही; तुला सांगितले.

सूनबाईंनी स्क्रू निर्धास्त फिरवावा, मामाची आज्ञा समजून. हे पत्र घरात ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे, लपवण्यासारखे आता काही उरले नाही. जो कोणी वाचील त्याच्या थकल्या देहाला विसावा मिळो, त्याची चूक त्याला प्रेमाने दाखवणारे माणूस जवळ लाभो, आणि ती मान्य करण्याइतके बळ परमेश्वर त्याला वेळेवर देवो.

तुझा
दादा