जर्सीवरचं नाव

मेलबर्न

तीर्थरूप बाबा,
तुमची प्राजक्ता इथूनच पाया पडते. मी मजेत आहे.

फुटबॉलच्या क्लबनं माहा करार वाढवला नाही, हे मी फोनवर सांगतलं नव्हतं. घाबरू नका, दुसरं काम भेटलं. इथं अजून एक फुटबॉल खेळतात. त्यात लांबट चेंडू उडी मारून हातानं झेलतात. कोच म्हणे, "गोलकीपर होती ते ठीक, पण एवढं झेलणं कुठं शिकली?"

मी म्हटलं, "वरूडले. बाबा खालून पत्ताकोबी फेकत होते, मी टेम्पोवर झेलत होती."

शनिवारी पहिली मॅच झाली. करंगळी जराशी दुखावली, म्हणून अक्षर वाकडं आलं. हे आईले वाचून दाखवू नका.

काका "पोरीले कावून पाठवता?" म्हणत होते, तवा तुमी एकटेच म्हणाले, "जाऊ द्या तिले." ते मी इसरली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? दवाखान्यात गेले काय?

एक गंमत सांगतो. फॉर्म पाहून त्यायनं जर्सीवर आडनावाऐवजी तुमचं नाव छापलं. बदलून देत होते, मीच नको म्हटलं. आता मैदानावर साऱ्या पोरी मले "नत्थुजी! नत्थुजी!" म्हणून आवाज देतात.

तुमचीच,
प्राजक्ता