मागच्या सीटवरचं बटण

झरी, सोमवार, ५ डिसेंबर १९३८
आलो एकदाचा! हैदराबादच्या गॅरेजात तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या; आता एका मोटारीचा ड्रायव्हर मीच आणि मेकॅनिकही मीच. मालक शिवमूर्ती कापसाचे व्यापारी, माणूस गोड. आल्याआल्या गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. मोटार तर राजेशाही! मागे बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक बटण आहे. ते दाबलं की ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजते, म्हणजे गाडी थांबवायची. मालक म्हणाले, बटण खराब आहे, आपोआप वाजतं. बिघाड शोधून दिला की नोकरी पक्की. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

मंगळवार, ६
बटण उघडलं. पितळी पट्ट्या स्वच्छ, स्प्रिंग कडक. तार बॅटरीपासून घंटीपर्यंत चाचपत गेलो, कुठेही सोललेली नाही. गाडी खड्ड्यांतून पळवली, पाणी शिंपडून पाहिलं, घंटी गप्प. बटण लाकडात खोल बसवलंय; कोपर टेकून दबत नाही, बोटच घालावं लागतं. मालकांना तसं सांगितलं तर एकदम तडकले. पुन्हा नीट बघा म्हणाले.

बुधवार, ७
जुना ड्रायव्हर येडबा भेटला. नोकरी का सोडली, विचारलं. श्रावणात मालकांचे वडील चन्नबसप्पा वारले. लिंगायतांच्या रीतीने बसवूनच समाधी द्यायची. शेत ताडकळसच्या वाटेला, लांब, म्हणून मोटारीत मागे बसवून कापडाने बांधलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात मोकळा. पुढे येडबा आणि शिवमूर्ती, बाकीची मंडळी बैलगाड्यांतून.
"अर्ध्या वाटंत घंटी वाजायली. म्या थांबाय लागलो, तर शिवमूर्तीअण्णा म्हनले, बटन बिघडलंय, चल. शेत येईस्तोवर वाजायलीच होती."


गुरुवार, ८
शिवमूर्ती शेडात आले, हात जोडले. "बन्सीधरराव, बटनच खराब होतं ना? तेवढं हो म्हना. चार महिने झाले, डोळ्याला डोळा लागला न्हाई." मला त्यांची दया आली. नोकरीही हवी होती, खोटं कशाला लिहू! हो म्हणालो. ते ढसाढसा रडले. मी तार तोडून टाकली.

शुक्रवार, ९
त्यांना समाधीच्या पूजेला नेलं. अर्ध्या वाटेत घंटी वाजली. तार तुटलेली — मीच तोडलेली. आरशात पाहिलं. मालक डावीकडे, दोन्ही हात मांडीवर. उजवीकडची गादी दबलेली. ते हसून म्हणाले, अजून बिघाड हाय की. गाडी थांबवली नाही. मीही नाही.

शनिवार, १०, दुपार
घंटी उपटून विहिरीत टाकली. तरी वाजतेय. माझ्या खोलीत —
बाहेर माणसं कापूस मोजताहेत. कुणालाच ऐकू येत नाही.
थांबवतो थोरले मालक, थांबवतो, म्हणून ओरडलो. काय थांबवू? इथे गाडीच नाही —
आता हळू वाजतेय. बोट थकल्यासारखं.
शिवमूर्ती, हे वाचा. मी खोटं बोललो. बटण चांगलं होतं. त्या दिवशीही चांगलं होतं. तुमचे आप्पा जिवं—