टाकीत किती जागा होती

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी अकरा चाळीस. त्याआधीचा जॉय आणि त्यानंतरचा जॉय, दोन वेगळे. हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच मला दुसरं काहीतरी पटवून देईन.

खर्डा रोडच्या आमच्या पंपावर पेट्रोलचा टँकर आला होता. टँकर खाली करण्याआधी जमिनीतल्या टाकीत लांब रॉड सोडायची. रॉडला पेस्ट लावायची, पेट्रोल जिथपर्यंत पोचलं तिथं पेस्टवर खूण उमटते. त्यावरून कळतं माल किती आणि जागा किती. याला डिप म्हणतात. तीन मिनिटांचं काम. मी टाकीच्या तोंडाचं झाकण काढलं, रॉड उचलली — आणि आराधना स्कूटीवर आली.

रॉड भिंतीला टेकवून तिच्याकडे गेलो. जूनपासून पारनेरला चालली म्हणे. शाळेत नोकरी लागली. हसत सांगत होती. एक वर्ष झालं, चर्चमध्ये मी फक्त तिच्या मागच्या बाकावर बसायला जातो, आणि ती मला पारनेरच्या एसटीचं टाइमटेबल सांगतेय.

टँकरपाशी कानिफनाथमामा उभे होते. शिफ्टचे प्रमुख. तिथूनच ओरडले, "जॉय, डिप घेतला का?"

"घेतला."

"किती जागा?"

"साडेपाच हजार."

सकाळचा आकडा डोक्यात होता, त्यातून विक्री अंदाजानं वजा केली. मामांनी रजिस्टरमध्ये साडेपाच लिहिलं, खाली सही केली, टँकरचा पाच हजार लिटरचा कप्पा टाकीत सोडला.

जागा साडेचारच होती.

आधी वास आला. मग बघितलं तर उघड्या तोंडातून पेट्रोल वर येत होतं, उकळी फुटल्यासारखं. उतारानं गेटकडे निघालं. गेटबाहेर भिंतीला लागून रतनबाईंची चहाची टपरी. स्टोव्ह पेटलेला.

मी जागच्या जागी उभा. मामांनी टँकरचा वाल्व्ह बंद केला, वाळूची बादली घेतली आणि पळत जाऊन ती रतनबाईंच्या स्टोव्हवर उपडी केली. चहाच्या पातेल्यासकट.

"अरं मेल्या, सगळा चहा मातीत घातला की माझा," रतनबाई ओरडल्या. मग त्यांनाही वास आला. 

मामा मला म्हणाले, "बघतो काय? वाळू आन." मी चारी बादल्या आणल्या. मला वाटायचं वाळू आग विझवायला असते. मामांनी गटाराच्या तोंडाशी तिचा बांध घातला. "आधी वाट अडवायची. आग लागल्यावर कुनी कुनाला विचारत न्हाई."

शंभरेक लिटर सांडलं. कुणाला काही झालं नाही.

गुरुवार, १३

पंपाच्या मालकांनी, शेठनी, मामांना घरी बसवलं. बावीस वर्षं झाली होती त्यांना पंपावर. "आकड्याखाली सही कुणाची?" एवढंच विचारलं. मामा म्हणाले, "माझी."

मी शेजारी उभा होतो. पेट्रोलच्या डागावर पाणी मारू नको, भुसा टाक, असं कुणीतरी मला सांगत होतं आणि मी मान हलवत होतो.

शुक्रवार, १४

झोप नाही. कॉलेज आठवतंय. दुसऱ्या वर्षी सरांनी कॉपीचा आळ घेतला. मी केली नव्हती. पेपर फाडला, त्यांच्या टेबलावर फेकला, निघून आलो, पुन्हा गेलो नाही. केवढा अभिमान होता मला त्या फाडलेल्या पेपरचा. खोटा आळ सहन करत नाही म्हणे मी.

दुसऱ्यावर आलेला बरा सहन होतो.

रविवार, १६

उपासनेनंतर आराधना चर्चच्या गेटपाशी थांबली होती. माझ्यासाठी. इतर दिवशी मी उडालो असतो.

"मामांना काढलं ते खरं का?"

"घरी बसवलंय."

"जॉय, मी तिथंच होते. तू रॉड आत सोडलीच नाहीस."

आणि मी काय बोललो? "तू आली नसतीस तर सोडली असती."

ती म्हणाली, "बरं. मग तसंच सांग शेठना. पोरगी आली म्हणून." स्कूटी काढली आणि गेली. दोन किकमध्ये चालू झाली नाही तरी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन मोबाईल भिंतीवर मारला. काच गेली.

सोमवार, १७

एक जण पेट्रोल भरताना फोनवर बोलत होता. मी फोन हिसकावून घेतला. "तुझ्या बापाचा पंप हाय का रे?" म्हणाला. भांडण झालं. मी नियम शिकवत होतो त्याला. मी!

मंगळवार, १८

मामांच्या घरी गेलो. ओट्यावर तुरी झोडून झालेल्या, पाखडत बसले होते. चहा दिला. पंपावरचं काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "मामा, त्या दिवशी डिप—"

"घेतला न्हवता. ठाव हाय."

"कसं?"

"रॉड उचलून ठेवली मी नंतर. पेस्टच न्हवती लावलेली."

"मग शेठना सांगितलं का नाही?"

मामांनी सूप खाली ठेवलं. "तू सांगितलं आन् मी न बघता लिवलं. डोळं हायेत ना मला? चार पावलं चालून खूण बघायची हुती. सही म्हंजे मी बघितलं. माझा गुन्हा तेवढा हाय." सूप परत उचललं. "तुझा किती, त्ये तू बघ."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी उलट भांडलो तरी असतो.

बुधवार, १९

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. उद्या दहाला पेट्रोल कंपनीचे साहेब चौकशीला येणार. टाइप केलेला कागद पुढं केला: डिप कानिफनाथ यांनी स्वतः घेतला, मी तिथे हजर होतो. "याच्यावर सही कर. शिफ्ट तू बघ पहिल्यापासून. शिकलेला पोरगा हायस."

पहिल्यापासून म्हणजे एक तारखेपासून. मामांची खुर्ची. शिफ्ट प्रमुख म्हणून पारनेरला जाऊन सांगता आलं असतं.

कागद दोनदा वाचला. पंख्याखाली फडफडत होता, शेठनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

सही केली.

गुरुवार, २०

पावणेनऊ. रात्रभर मामांचं एकच वाक्य आठवत होतं, सही म्हंजे मी बघितलं. शेठना फोन केला. डिप मी घेतला नव्हता, साडेपाच हा आकडा माझ्या मनाचा, कालची सही खोटी. शेठनी विचारलं, "साहेबांसमोर सांगशील?" हो म्हणालो. "मग त्यानंतर पंपावर पाय ठेवू नको."

ठीक.

मामांना परत घेतील का, माहीत नाही. आराधनाला कळवलं नाही, कळवणारही नाही. तिच्यासाठी असतं तर रविवारीच केलं असतं.

लेखी जबाब खिशात आहे. दार लावतो आणि निघतो.