आईच्या मसाल्याची जुनी मूठ

फेस, ईदचा तिसरा दिवस

बतूलताई,

अगं, जमलं! ईदच्या मटणाची म्रूझिया आज हुबेहूब आईसारखी झाली! मध, बेदाणे, सत्तावीस जिनसांचा मसाला, सगळं तेच घालूनही पाच वर्षं ती चव येत नव्हती. परवा मसालेवाले अल्लालकाका हसले, "वेडे, तुझी आई जुन्या मसाल्याची मूठ नव्यात मिसळायची, विरजणासारखी!"

मग आईचा मसाल्याचा डबा उघडला, त्यातली मूठ नव्यात मिसळली. पोरं बोटं चाटत ओरडली, "आजीच्या हातची चव!"

हो, तोच डबा. तू चोरलास म्हणून आईच्या चाळिसाव्याला मी तुला चारचौघांत नाही नाही ते बोलले, तो. दुसऱ्याच वर्षी माझ्याच माळ्यावर सापडला. लाजेने आजवर उघडला नव्हता.

तुझ्यासाठी एक मूठ राखलीय. पाठवायचा धीर होईपर्यंत हे पत्रही त्याच डब्यात ठेवतेय.

तुझीच,
रकिया